ऊती-आधारित जैवसंवेदक

ऊती-आधारित जैवसंवेदक हे वनस्पतीच्या किंवा प्राण्याच्या ऊतीचा पातळ काप, लगदा अथवा एखादा संपूर्ण सूक्ष्म अवयव भौतिक संवेदकाला जोडून तयार केलेले रासायनिक मोजमापाचे साधन आहे. ऊतीतील विकरे, म्हणजेच एन्झाइमे, द्रावणातील विशिष्ट पदार्थावर क्रिया घडवून आणतात. त्या क्रियेत एखादा वायू बाहेर पडतो किंवा ऑक्सिजन खर्च होतो, आणि ऊतीला लागून बसवलेला इलेक्ट्रोड हा बदल विद्युत संकेताच्या रूपाने नोंदवतो. डुकराच्या मूत्रपिंडाचा काप, केळ्याचा गर, पिवळ्या स्क्वॉशची फोड, काकडीचे पान, खेकड्याची शृंगिका अशा वरवर पाहता विश्लेषणाच्या प्रयोगशाळेशी काही संबंध नसलेल्या वस्तू या साधनांत यशस्वीपणे वापरल्या गेल्या आहेत.

शुद्ध स्वरूपात वेगळे काढलेले विकर महाग असते आणि लवकर निकामी होते. तेच विकर ऊतीत, आपल्या नैसर्गिक ठिकाणी, राहू दिले तर ते स्वस्तात मिळते आणि पुष्कळ दिवस टिकते. मात्र त्या ठिकाणी ते एकटे नसते. शेजारी इतर असंख्य विकरे असतात आणि तीही आपापले काम करत राहतात. टिकाऊपणा हवा तर ही गर्दी स्वीकारावी लागते आणि निवडकता हवी तर ती गर्दी आवरावी लागते, असा हा पेच आहे. या शाखेतील बहुतेक संशोधन तो सोडवण्याच्या प्रयत्नांतून घडले आहे.

पूर्वपीठिका

सजीवाच्या ऊतीकडून मोजमाप करवून घेण्याची कल्पना विद्युतरसायनशास्त्राइतकीच जुनी आहे. इटलीतील बोलोन्या येथे लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवर केलेले प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर कित्येक वर्षे बेडकाचा ताजा पाय व त्याला जोडलेली चेता हे क्षीण विद्युतप्रवाह ओळखण्याचे सर्वांत संवेदनशील साधन मानले जात होते. विसाव्या शतकात औषधशास्त्रज्ञांनी प्राण्यांच्या आतड्याचे व रक्तवाहिन्यांचे तुकडे पोषक द्रावणात टांगून, त्यांच्या आकुंचनावरून द्रावणातील द्रव्यांचा शोध घेतला. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९६० च्या दशकात अशा अनेक तुकड्यांवरून रक्ताचा प्रवाह सोडण्याची पद्धत विकसित केली. प्रोस्टाग्लँडिनविषयीच्या ज्या संशोधनासाठी त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्यात या पद्धतीचा मोठा वाटा होता. हे प्रयोग जैवसंवेदकांच्या इतिहासात क्वचितच सांगितले जातात. वस्तुतः ऊती हाच त्यांतील संवेदक होता.

आजच्या अर्थाने जैवसंवेदकाची सुरुवात अमेरिकी शास्त्रज्ञ लीलंड क्लार्क यांच्यापासून मानतात. द्रावणात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा त्यांचा इलेक्ट्रोड १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६२ मध्ये त्यांनी व चँप लायन्स यांनी त्या इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराचा थर ठेवून ग्लुकोज मोजण्याची कल्पना मांडली. १९६७ मध्ये अपडाइक आणि हिक्स यांनी विकर जेलमध्ये अडकवून प्रत्यक्ष वापरता येईल असा इलेक्ट्रोड सिद्ध केला. विकराऐवजी संपूर्ण जिवाणू वापरण्याचा मार्ग १९७५ च्या सुमारास खुला झाला.

जिवाणूंकडून ऊतीकडे येण्याचे श्रेय प्रामुख्याने अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाचे गॅरी रेक्निट्झ आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना जाते. १९७८ मध्ये त्यांनी गाईच्या यकृताचा काप व युरिएज हे विकर एकत्र वापरून अर्जिनिन हे अमिनो आम्ल मोजले. पुढच्याच वर्षी रेक्निट्झ, मार्क आर्नल्ड व मार्क मायरहॉफ यांनी डुकराच्या मूत्रपिंडाचा काप वापरलेल्या इलेक्ट्रोडची माहिती 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. यात बाहेरून कोणतेही विकर घातलेले नव्हते. सर्व उत्प्रेरण ऊतीनेच केले होते.

रचना व कार्य : मूत्रपिंडाचा इलेक्ट्रोड

या प्रकारच्या साधनाचे कार्य समजून घेण्यासाठी १९७९ चा हा इलेक्ट्रोड आजही सर्वोत्तम उदाहरण आहे. त्याने मोजायचा पदार्थ म्हणजे ग्लुटामिन हे अमिनो आम्ल. सस्तन प्राण्यांचे मूत्रपिंड ग्लुटामिनचे विघटन करून अमोनिया तयार करते आणि त्याच्या साहाय्याने शरीरातील जादा आम्ल मूत्रावाटे बाहेर टाकते. त्यामुळे मूत्रपिंडाच्या बाह्यकात ग्लुटामिनेज हे विकर विपुल असते. म्हणजे मूत्रपिंडाची निवड योगायोगाने झालेली नव्हती. कोणती ऊती घ्यावी या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्राने शरीरक्रियाशास्त्राकडे मागितले होते, आणि पुढील जवळजवळ सर्व ऊती-संवेदकांची निवड याच रीतीने झाली.

साधनाचा खालचा भाग म्हणजे अमोनिया वायू ओळखणारा इलेक्ट्रोड. त्याच्या टोकाला टेफ्लॉनसारख्या पदार्थाचे, पाणी अडवणारे पण वायू जाऊ देणारे पटल असते. आत अमोनियम क्लोराइडचे द्रावण आणि सामू मोजणारा काचेचा इलेक्ट्रोड असतो. पटलाच्या बाहेरच्या अंगाला मूत्रपिंडाचा अतिशय पातळ काप ठेवून तो नायलॉनच्या जाळीने व रबरी कड्याने घट्ट बसवतात. हे टोक ग्लुटामिन असलेल्या द्रावणात बुडवले की ग्लुटामिन कापात झिरपते, ग्लुटामिनेज त्याचे ग्लुटामेट व अमोनिया यांत विघटन करते, अमोनिया पटलातून आत शिरतो, आतल्या द्रावणाचा सामू बदलतो आणि तो बदल मिलिव्होल्टमध्ये वाचता येतो. संकेत स्थिर होण्यास काही मिनिटे लागतात, कारण पदार्थाला आत जाण्यासाठी आणि वायूला खाली येण्यासाठी ऊतीची जाडी पार करावी लागते. काप जितका जाड तितके विकर अधिक, पण उत्तर तितकेच उशिरा.

अशा इलेक्ट्रोडमध्ये विद्युत विभव संहतीच्या लॉगॅरिदमच्या प्रमाणात बदलतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाला, आदर्श परिस्थितीत, संहती दहापट झाली की विभवात सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडावा. मूत्रपिंडाच्या इलेक्ट्रोडमध्ये हा फरक सुमारे ५० मिलिव्होल्ट मिळाला. एका मांसाच्या कापाकडून एवढी अचूकता मिळावी ही गोष्ट त्या काळी आश्चर्याची होती.

या मोजणीला वैद्यकीय महत्त्व होते. यकृत निकामी होऊ लागले की रक्तातील अमोनिया वाढतो. मेंदू तो ग्लुटामिनच्या रूपात बांधून ठेवतो आणि मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात ग्लुटामिनचे प्रमाण चढते. यकृतविकारातून उद्भवणाऱ्या बेशुद्धीच्या निदानात हे प्रमाण उपयोगी पडते. आर्नल्ड व रेक्निट्झ यांनी १९८० मध्ये हाच इलेक्ट्रोड वापरून त्या द्रवातील ग्लुटामिन मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

चार उत्प्रेरकांची तुलना

त्याच वर्षी याच दोघांनी केलेली एक तुलना ऊती-संवेदकांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा ठरली. अमोनियाचा इलेक्ट्रोड तोच ठेवून त्यांनी त्यावर ग्लुटामिनचे विघटन करणारी चार वेगवेगळी द्रव्ये आळीपाळीने बसवली. ही द्रव्ये होती शुद्ध विकर, मूत्रपिंडातून वेगळ्या काढलेल्या तंतुकणिका, 'सार्सिना फ्लाव्हा' हे जिवाणू आणि मूत्रपिंडाचा अखंड काप. संवेदनशीलतेत शुद्ध विकर सर्वांत मागे राहिले, तर उरलेली तिन्ही साधारणपणे एकमेकांच्या बरोबरीने चालली. खरा फरक आयुष्यात दिसला. शुद्ध विकराचा इलेक्ट्रोड सुमारे एका दिवसात निकामी झाला, तंतुकणिकांचा सुमारे १० दिवस आणि जिवाणूंचा सुमारे २० दिवस चालला. ऊतीचा इलेक्ट्रोड ३० दिवसांनंतरही उपयोगाचा होता.

याचे कारण विकराच्या रेणूच्या घडणीत आहे. विकर हे प्रथिन असते आणि त्याची विशिष्ट घडी मोडली की त्याचे काम थांबते. पेशीत ते पटलांना धरून, योग्य क्षारांच्या व सहविकरांच्या सान्निध्यात असते, आणि ही परिस्थिती त्याची घडी सांभाळते. शुद्धीकरणात विकर या आधारापासून तुटते. शुद्धीकरणासाठी खर्च केलेले श्रम आणि पैसा विकराला अधिक दुबळे करण्यातच खर्ची पडतात असे या तुलनेवरून म्हणता येईल, निदान ग्लुटामिनेजच्या बाबतीत तरी. सर्वच विकरांना हे लागू नाही. ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर शुद्ध स्वरूपातही कमालीचे टिकाऊ असते आणि ग्लुकोमीटरच्या आजच्या यशात त्याच्या या गुणाचा वाटा मोठा आहे.

वनस्पतिज ऊती

वनस्पतींच्या ऊतीचा पहिला इलेक्ट्रोड कुरियामा व रेक्निट्झ यांनी १९८१ मध्ये तयार केला. भोपळ्याच्या कुळातील पिवळ्या स्क्वॉशच्या गरात ग्लुटामेटपासून कार्बन डायऑक्साइड मोकळा करणारे विकर असते. गराचा काप कार्बन डायऑक्साइड ओळखणाऱ्या इलेक्ट्रोडवर बसवून त्यांनी ग्लुटामेटची मोजणी केली. त्यानंतर काही वर्षांतच मंडईत मिळणाऱ्या बऱ्याच भाज्या-फळांची या दृष्टीने परीक्षा झाली. मक्याच्या दाण्याने पायरुव्हेट, काकडीच्या पानाने सिस्टिन, शर्कराकंदाने टायरोसिन आणि वांग्याने कॅटेकॉल मोजता आले. काकडी व स्क्वॉश यांच्या गरातील विकर जीवनसत्त्व 'क' चे ऑक्सिडीभवन करते, म्हणून त्या जीवनसत्त्वाच्या मोजणीसाठी त्यांचा उपयोग झाला. मॅग्नोलियाच्या पाकळ्यासुद्धा सुटल्या नाहीत. अबईच्या वर्गातील जॅक बीन या शेंगेच्या दाण्यांचे पीठ युरिया मोजण्यासाठी १९८४ मध्ये वापरले गेले. याच दाण्यांतून जेम्स सम्नर यांनी १९२६ मध्ये युरिएजचे स्फटिक मिळवून विकर हे प्रथिन असते हे दाखवले होते आणि त्यासाठी त्यांना १९४६ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

या सर्वांत प्रसिद्ध झाला तो केळ्याचा इलेक्ट्रोड. सिडवेल व रेक्निट्झ यांनी १९८५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध करताना इंग्रजीत त्याला 'बनानाट्रोड' असे गमतीचे नाव दिले. केळे, वांगे, बटाटा किंवा सफरचंद चिरून ठेवले की ते काळे पडते. चिरलेली वांगी पाण्यात टाकण्याची स्वयंपाकघरातील रीत यासाठीच आहे. हा काळेपणा पॉलिफेनॉल ऑक्सिडेज या विकरामुळे येतो. ते हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने फेनॉल वर्गातील द्रव्यांचे क्विनोनांत रूपांतर करते आणि क्विनोनांपासून पुढे तपकिरी-काळी रंगद्रव्ये बनतात. मेंदूतील चेतापेशींमध्ये संदेशवहन करणारे डोपामिन हे द्रव्यही रासायनिक दृष्ट्या याच वर्गात मोडते. त्यामुळे केळ्याच्या गराला डोपामिन मिळाले की तो ते चिरलेल्या फळातील फेनॉलप्रमाणेच वापरतो आणि त्यासाठी ऑक्सिजन खर्च करतो. क्लार्क यांच्या ऑक्सिजन-इलेक्ट्रोडवर केळ्याचा गर पसरून ही घट मोजली की द्रावणातील डोपामिनचे प्रमाण कळते. म्हणजे जे विकर फळविक्रेत्याला नुकसानीत टाकते, तेच येथे उपयोगाला आले.

पुढे १९८८ मध्ये जोसेफ वांग व लिन यांनी केळ्याचा गर ग्रॅफाइटची पूड व खनिज तेल यांच्या लगद्यात थेट मिसळला आणि त्या मिश्रणाचाच इलेक्ट्रोड केला. कापाचा स्वतंत्र थर ठेवला की पदार्थाला तो पार करावा लागतो. येथे विकर आणि विद्युतवाहक कण एकमेकांना लागूनच असल्यामुळे मिनिटांऐवजी सेकंदांत उत्तर मिळू लागले. पृष्ठभाग खराब झाला की तो घासून टाकून आतील ताजा लगदा पुढे आणता येतो, हीदेखील एक सोय झाली. त्यानंतरच्या वनस्पती-ऊती संवेदकांपैकी अनेकांत हीच रीत आढळते.

बटाट्याचा उपयोग अधिक आडवळणाने केला गेला. पूर्व बर्लिनमधील शूबर्ट, रेनेबर्ग, शेलर व कर्स्टाइन यांनी १९८४ मध्ये बटाट्याचा काप आणि ग्लुकोज ऑक्सिडेज यांची जोडी बसवली. बटाट्यातील फॉस्फेटेज ग्लुकोज-६-फॉस्फेटपासून ग्लुकोज मोकळे करते, आणि दुसरे विकर त्या ग्लुकोजसाठी ऑक्सिजन खर्च करते. द्रावणात फॉस्फेट किंवा फ्लोराइड असेल तर बटाट्यातील विकर मंदावते आणि ऑक्सिजन कमी खर्च होतो. या घटीवरून त्यांचे प्रमाण काढले जाते. ही युक्ती बुद्धिमान आहे यात शंका नाही. परंतु पाण्यातील फ्लोराइड मोजण्यासाठी लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाचा इलेक्ट्रोड १९६६ पासूनच उपलब्ध होता, आणि त्या कामात तो बटाट्यापेक्षा कितीतरी सरस आहे. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांत विहिरींच्या व विंधनविहिरींच्या पाण्यातील फ्लोराइड ही खरीखुरी आरोग्यसमस्या आहे, आणि अशा ठिकाणी मोजणीची पद्धत निवडताना नावीन्यापेक्षा खात्रीला महत्त्व द्यावे लागते.

प्राणिज ऊती

प्राण्यांच्या ऊतींची यादी त्या मानाने लहान आहे. गाईच्या यकृतातील कॅटॅलेजच्या साहाय्याने हायड्रोजन पेरॉक्साइड मोजणारा संवेदक इटलीतील मास्चिनी व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये तयार केला. सशाचा स्नायू, सशाचे यकृत आणि उंदराच्या लहान आतड्याचे अस्तर यांचा उपयोग न्यूक्लिक आम्लांशी संबंधित द्रव्यांच्या मोजणीसाठी झाला. या ऊती वनस्पतींच्या ऊतींपेक्षा लवकर सडतात. वनस्पतींच्या पेशींना भित्तिका असल्यामुळे त्यांचा काप यांत्रिक दृष्ट्याही अधिक मजबूत राहतो. शिवाय भाजीसाठी बाजारात जावे लागते एवढेच. प्राण्यासाठी परवानगी आणि नैतिक समर्थन दोन्ही लागतात. कत्तलखान्यातून मिळणारे मूत्रपिंड वा यकृत या बाबतीत कमी अडचणीचे असले, तरी प्रयोगासाठी प्राणी मारणे आज सहज समर्थनीय मानले जात नाही.

निवडकतेचा प्रश्न

उंदराच्या आतड्याचा संवेदक ॲडिनोसिन मोजण्यासाठी बनवला होता. प्रत्यक्षात तो ॲडिनोसिन मोनोफॉस्फेट, डायफॉस्फेट व ट्रायफॉस्फेट यांनाही प्रतिसाद देऊ लागला. आतड्याच्या अस्तरात अल्कधर्मी फॉस्फेटेज असते. ते या द्रव्यांवरील फॉस्फेट गट काढून टाकून त्यांचे ॲडिनोसिन बनवत होते आणि मग त्या ॲडिनोसिनचीही मोजणी होत होती. हा संवेदक खोटे बोलत नव्हता. त्याला विचारलेल्या प्रश्नापेक्षा अधिक प्रश्नांची उत्तरे तो एकाच आकड्यात देत होता. आर्नल्ड व रेक्निट्झ यांनी द्रावणात फॉस्फेटचे प्रमाण वाढवून हा अडथळा दूर केला. फॉस्फेट हे त्या फॉस्फेटेजच्या क्रियेचेच फलित असल्याने ते भरपूर असले की विकर दबून जाते, आणि ॲडिनोसिनवर क्रिया करणाऱ्या विकराला मात्र त्याचा विशेष उपद्रव होत नाही.

नको असलेले विकर असे दाबणे, हव्या असलेल्या विकराला सोयीचा सामू निवडणे, त्याला लागणारे सहविकर बाहेरून पुरवणे, ज्या ऊतीत अडथळा आणणारे विकर मुळातच कमी आहे अशी ऊती शोधणे हे उपाय त्यानंतर सर्रास वापरले गेले. ते प्रत्येक ऊतीसाठी नव्याने शोधावे लागतात. एका संवेदकाच्या अनुभवाचा दुसऱ्याला फारसा उपयोग होत नाही, ही या शाखेची मोठी गैरसोय आहे.

'जिवंत' या शब्दाचा अर्थ

या साधनांचे वर्णन करताना 'जिवंत ऊती' हा शब्दप्रयोग सरसकट केला जातो, पण तो जपून वापरावा लागतो. मूत्रपिंडाच्या इलेक्ट्रोडमध्ये जिवाणूंची वाढ होऊ नये म्हणून द्रावणात सोडियम ॲझाइडसारखे परिरक्षक घालत असत. ॲझाइड पेशीतील श्वसनाची साखळी तोडते. म्हणजे ज्या उपायाने काप महिनाभर टिकतो तोच उपाय त्यातील पेशींचे श्वसन थांबवतो. ग्लुटामिनेजला काम करण्यासाठी पेशीचे श्वसन चालू असण्याची गरज नसते, त्यामुळे संवेदकाच्या आकड्यावर याचा परिणाम होत नाही. जॅक बीनच्या कोरड्या पिठात तर जिवंतपणाचा प्रश्नच उद्भवत नाही. अशा साधनांत ऊती ही विकर साठवून ठेवणारी नैसर्गिक पिशवी असते, आणि त्यांना 'ऊती-आधारित' म्हणणे 'जिवंत' म्हणण्यापेक्षा अधिक नेमके आहे.

याउलट काही संवेदकांत ऊती शब्दशः जिवंत असावी लागते, कारण तेथे एका विकराचे काम मोजायचे नसून पेशीचा प्रतिसाद मोजायचा असतो. पेशी मेली की हा प्रतिसाद उरत नाही. हा भेद लक्षात न घेता दोन्ही प्रकारांच्या टिकाऊपणाची तुलना केली तर निष्कर्ष चुकतात.

ज्ञानेंद्रियांचे संवेदक

दुसऱ्या प्रकारची ठळक उदाहरणे ज्ञानेंद्रियांवर आधारलेली आहेत. खेकडा आपल्या लहान शृंगिकांनी पाण्यातील अमिनो आम्लांचा वास घेतो. बेली व रेक्निट्झ यांनी १९८६ मध्ये अटलांटिक किनाऱ्यावरील निळ्या खेकड्याची शृंगिका वेगळी काढून तिच्या चेतातंतूंतील विद्युतस्पंद नोंदवले. द्रावणातील अमिनो आम्लाचे प्रमाण वाढले की स्पंदांची वारंवारता वाढते. विकराची रासायनिक क्रिया पूर्ण होण्याची वाट येथे पाहावी लागत नाही, त्यामुळे उत्तर जवळजवळ तत्काळ मिळते. मात्र शृंगिका काही तासांतच निकामी होते.

कीटकांच्या शृंगिकांवरील विद्युत संकेत नोंदवण्याचे तंत्र जर्मन शास्त्रज्ञ डीट्रिख श्नायडर यांनी १९५७ मध्येच रेशमाच्या पतंगावर विकसित केले होते. नर पतंग मादीच्या गंधाचे अत्यल्प रेणूही ओळखतो, हे ज्ञात होतेच. या तंत्राने ती ओळख मोजता येऊ लागली. १९९० च्या दशकात जर्मनीतील गीसेन व यूलिश येथील संशोधकांनी बटाट्यावरील कोलोराडो भुंगेऱ्याची शृंगिका क्षेत्र-परिणाम ट्रान्झिस्टरला जोडली. पाने कुरतडली गेली की बटाट्याचे झाड हिरव्या गवतासारखा वास असलेले एक अल्कोहोल हवेत सोडते आणि भुंगेरा त्या वासाच्या मागाने येतो. शेतातील झाडांना इजा झाली आहे की नाही हे त्याच्याच नाकाने ओळखावे, असा हा प्रयत्न होता. कापलेल्या शृंगिकेऐवजी जिवंत भुंगेराच उपकरणात बसवला तर संवेदक अधिक काळ चालतो असेही दिसून आले. जळालेल्या लाकडात अंडी घालणारा 'मेलानोफिला' हा भुंगेरा धुरातील ग्वायाकॉल वर्गातील द्रव्ये ओळखतो. त्याची शृंगिका वणव्याची सूचना देऊ शकेल, असे संशोधन १९९९ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले.

याच मार्गावर पुढे संवर्धित चेतापेशींची जाळी येतात. नॉर्थ टेक्सास विद्यापीठातील गुंटर ग्रॉस यांनी उंदराच्या चेतापेशी सूक्ष्म इलेक्ट्रोड असलेल्या काचपट्टीवर वाढवून त्यांच्या स्पंदांच्या आकृतिबंधावर विषारी द्रव्यांचा होणारा परिणाम दीर्घकाळ अभ्यासला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने अशा ऊती व पेशी-संवेदकांसाठी स्वतंत्र कार्यक्रम चालवला. यामागील विचार वेगळा होता. एखाद्या विषाचे नाव माहीत असेल तर त्यासाठी खास चाचणी करता येते. नाव माहीत नसेल तर काय करावे, हा प्रश्न होता. अशा वेळी पाण्यात अमुक रेणू आहे का हे विचारण्याऐवजी, पाणी सजीवाला अपाय करते का हे विचारणे उपयुक्त ठरते, आणि त्याचे उत्तर सजीव पेशीच देऊ शकते. कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्षी नेण्याच्या जुन्या प्रथेमागेही हेच तत्त्व होते.

काटेकोर अर्थाने ऊती नसलेले, पण जवळचे नाते असलेले एक उदाहरण येथे नोंदवण्यासारखे आहे. टेनेसी राज्यातील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत ग्रीनबाउम व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये नदीच्या पाण्यात मुळातच असलेल्या शैवालाचा संवेदक म्हणून उपयोग केला. हिरव्या पेशीवर प्रकाश टाकला की ती थोडा प्रकाश तांबड्या प्रतिदीप्तीच्या रूपाने परत देते. सायनाइड, मिथिल पॅराथिऑन किंवा तणनाशक पाण्यात मिसळले तर प्रकाशसंश्लेषण बिघडते आणि ही प्रतिदीप्ती बदलते. यात संवेदक बाहेरून आणून बसवावा लागत नाही. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतात तो आधीपासूनच हजर असतो. पालकाच्या पानांतून वेगळी काढलेली हरितलवके तणनाशकांच्या मोजणीसाठी याच तत्त्वावर वापरली जातात.

मर्यादा आणि सद्यस्थिती

ऊती-संवेदकांची मोठी बाजारपेठ निर्माण झाली नाही. १९८० च्या दशकात त्यांच्या बाजूने केला जाणारा मुख्य युक्तिवाद स्वस्ताईचा होता. जनुकीय तंत्राने सूक्ष्मजीवांकडून विकरे मोठ्या प्रमाणावर तयार करवून घेता येऊ लागली, तसा तो युक्तिवाद दुबळा झाला. दुसरी अडचण एकसारखेपणाची आहे. कारखान्यात बनलेल्या विकराच्या दोन कुप्या सारख्या असतात, पण दोन केळी सारखी नसतात. जात, पिकण्याची अवस्था, साठवण या सर्वांनुसार गरातील विकराचे प्रमाण बदलते, आणि त्यामुळे प्रत्येक नवा इलेक्ट्रोड वापरण्यापूर्वी ज्ञात संहतीच्या द्रावणांनी त्याचे अंशन करून घ्यावे लागते. केळ्यात डोपामिन मुळातच असते, ही आणखी एक गुंतागुंत. रुग्णाच्या निदानासाठी असे साधन वापरणे कोणत्याही नियामकाला मान्य होणे कठीण आहे.

तरीही ज्या विकराचे शुद्धीकरण अवघड आहे, ज्याला अनेक सहविकरे लागतात किंवा जेथे एकामागून एक अशा अनेक क्रिया घडाव्या लागतात, तेथे ऊतीचा मार्ग अजूनही सोयीचा आहे. ब्राझीलमध्ये नारळाच्या काथ्यातील पेरॉक्सिडेजचा उपयोग करून औषधी मलमांतील बेंझॉइल पेरॉक्साइड मोजण्याची पद्धत २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात जितेंद्र कुमार व एस. एफ. डिसूझा यांनी २००९ मध्ये कांद्याच्या पापुद्र्याचा वेगळ्या रीतीने वापर केला. माध्यमिक शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहण्यासाठी कांद्याच्या आतल्या बाजूची जी पारदर्शक साल सोलतात, तीच त्यांनी ग्लुकोज ऑक्सिडेजसाठी आधारपटल म्हणून वापरली आणि ऑक्सिजन-इलेक्ट्रोडवर बसवून ग्लुकोज मोजले. यात कांद्याची स्वतःची विकरे काम करत नाहीत. ऊती केवळ विकराला धरून ठेवते. अंड्याच्या टरफलाखालील पापुद्र्यावर युरिएज बसवून युरिया मोजण्याचे कामही याच केंद्रात झाले.

अध्यापनात केळ्याच्या इलेक्ट्रोडचा उपयोग सोपा आहे. विरघळलेला ऑक्सिजन मोजणारे उपकरण ज्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत आहे, तेथे केळ्याचा किंवा वांग्याचा पातळ काप त्याच्या टोकावर जाळीने बांधून कॅटेकॉलच्या सौम्य द्रावणात बुडवता येतो. कॅटेकॉल विषारी असल्याने हातमोजे घालणे आवश्यक आहे. ऑक्सिजनचा आकडा उतरू लागला की विकराचे काम प्रत्यक्ष दिसते. या प्रयोगाबरोबर पाण्यात उकळून घेतलेल्या कापाचा दुसरा इलेक्ट्रोड तुलनेसाठी ठेवतात. उकळल्याने विकराची घडी मोडते, त्यामुळे त्या इलेक्ट्रोडचा आकडा जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. तोही उतरत असेल तर ऑक्सिजन विकराव्यतिरिक्त दुसऱ्याच कशाने तरी खर्च होत आहे असे समजून प्रयोग पुन्हा मांडावा लागतो.